चालू रीडिंग

मोरभवनहून सव्वासहाची पारशिवनी.
खिडकीची सळी गार.
कोजागिरी उद्या, म्हणून पिशव्यांत दूध कमी, गप्पा जास्त.
"सुट्टे द्या जी काका," कंडक्टर म्हणाला,
आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं मी
आधी त्याच्या यंत्रावरचे आकडे वाचले.

धानाच्या बांध्या संपल्या, साग लागला.
किड्यांनी पानं खाऊन नुसत्या शिरा ठेवलेल्या;
एक पान उन्हाकडे धरलं
तर कोणाच्या तरी हाताचा एक्स-रे.
वाटेवरचा आपटा दसऱ्याला ओरबाडलेला:
माणूस टाचा उंचावून पोचेल तिथवर बोडका,
त्याच्या वर हिरवागार,
जसं काही घडलंच नाही.

कोळ्यांनी जाळी लावलीत वाटभर, तोंडाच्या उंचीवर.
म्हणजे आज माझ्याआधी कोणी गेलं नाही.
काठी पुढे धरून चालतो,
तरी एक तुटतंच, कपाळाला चिकटतं,
आणि आसपास कोणी नसताना मी म्हणतो, माफ करा.
फाटकाची कडी वाजवून म्हणायचो तसं:
माफ करा, नळाचं मीटर.

शेळ्यांमागे एक बाई, सगुणा उईके.
"एकलेच जाऊन राहिले का जी?"
हो म्हणालो.
"आता कायचं पानी. भादव्यात याचं होतं.
गरजे तं इथलोक आयकू ये."
धबधब्याला नाव काय?
"नाव कायचं, धारच म्हनतो आम्ही."

चढ लागला. दम लागला. बसलो.
मीटर वाचणाऱ्याला घरं मागच्या बाजूनं माहीत असतात:
तुळशीआड, जिन्याखाली, कुत्र्याच्या साखळीपाशी
उकिडवं बसायचं, काचेवरचा चिखल अंगठ्यानं पुसायचा.
बाळंतीण आली, पोरगा होस्टेलला गेला,
मोरी रात्रभर गळते आहे;
कोणी सांगावं लागत नसे.
आमचं मीटर मी शेवटी वाचायचो.
महिन्याला बावीस युनिट. मुलगी सासरी गेली तेव्हा चौदा.
कुंदाच्या आजारपणात एकोणीस, चादरी फार निघायच्या.
आता तीन.
खरं तर पावणेतीन.

धार दिसण्याआधी ऐकू आली,
आणि ऐकू आली ती
वरच्या मजल्यावर कोणीतरी बादली लावून विसरल्यासारखी.
काळ्या कातळावर शेवाळाचा हिरवा पट्टा,
एवढा रुंद की भादव्यात इथं काय असेल ते कळावं.
त्या पट्ट्याच्या मधोमध बोटभर पाणी.
मध्ये एका दगडाशी दोन होतं,
खाली हातभरावर परत एक.
पाय डोहात सोडले. मासोळ्यांनी टाचांच्या भेगा तपासल्या.
ठेचापोळी खाल्ली. आंबियाचं पहिलं संत्रं सोललं,
आंबट निघालं, तरी सगळं खाल्लं.

मग राहवलं नाही.
लिटरची बाटली धारेखाली धरली, घड्याळ दुसऱ्या हातात.
नऊ सेकंद.
पुन्हा धरली. नऊच.
म्हणजे तासाला चारशे,
दिवसाला साडेनऊ युनिट आणि वर थोडं.
माझे तीन महिने
हे कातळ सकाळपासून सकाळपर्यंत सांडतं,
मागील रीडिंग नाही,
ग्राहकाचं नाव नाही,
आणि थकबाकीच्या रकान्यात
एक खेकडा आडवा चालत गेला.

हसू आलं. मोठ्यानं हसलो.
कातळानं ते परत दिलं, जरा उशिरा,
जरा दुसऱ्याच कोणाचं असल्यासारखं.
मी वळून पाहिलं.

उतरताना ऊन पाठीवर, ऑक्टोबरचं, चिडकं.
मघाच्या जाळ्याच्या जागी कोळ्यानं
एक धागा आडवा टाकून ठेवलेला.
वाकलो. कंबर बोलली. खालून गेलो.

शेळ्या सावलीत. सगुणाबाई काठीवर हनुवटी टेकून.
"दिसलं का काही?"
"नऊ सेकंदाला लिटर," मी म्हणालो.
तिनं शेळ्यांकडे पाहिलं,
ओठ हलवत एक-एक मोजली.
"लय झालं जी," म्हणाली. "पुरते."